घोडवाटेचा चढ

घोडवाटेच्या चढावर रोझलिंड पुढे होती आणि डंकन तिच्या बरोबरीने. दोघांच्याही सायकली विजेवरच्या, त्यामुळे गप्पा मारत चढणं त्यांना जमत होतं. लायनेल आपल्या जुन्या साध्या सायकलवर पार मागे पडला होता. बायको हसली की हसू झाडांतून त्याच्यापर्यंत यायचं. शब्द मात्र यायचे नाहीत. तेच जास्त जाळत होतं.

एके काळी पुढे तो असायचा. लग्नापासूनच्या सगळ्या सुट्ट्या त्यांनी इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या या टेकड्यांवर घालवल्या आणि दर चढ त्याने आधी सर केला. मग तिचा गुडघा बदलावा लागला, मुलीने तिला विजेची सायकल घेऊन दिली, आणि ती दर रविवारी सायकलवाल्यांच्या टोळीबरोबर जायला लागली. टोळीचा म्होरक्या डंकन. या राखीव वनाची देखभाल करणारा, विधुर. तेव्हापासून घरी जेवताना डंकन हे म्हणतो नि डंकन ते म्हणतो. चिखलात चाक घालू नये, झाडांची मुळं उघडी पडतात. पक्षी जमिनीवर अंडी घालतात त्या दिवसांत लांबून वळसा घ्यावा. लायनेलला हे सगळं केव्हापासूनच ठाऊक होतं. तिने कधी त्याला विचारलं नव्हतं.

म्हणून आज तो न बोलावता आला होता. मोटार लावूनच चढायचं तर बसने जावं माणसाने, असं निघताना ऐकवूनही झालं होतं.

वळणावर समोरून एक बाई घोड्यावरून आली. पुढची दोघं लगेच उतरून कडेला झाली, घोड्याला चाहूल लागावी म्हणून तिच्याशी हळू आवाजात बोलली, आणि तो गेल्यावर पुन्हा आरामात निघाली. लायनेलही उतरला. पण त्या उभ्या चढावर त्याला परत पेडल मारता येईना. शेवटचा टप्पा त्याने सायकल ढकलत काढला.

वर फाटकापाशी दोघं गवतात बसून चहा पीत होती. त्याला पाहून डंकन उठला, बाकीचे कुठवर गेले बघतो म्हणाला आणि फाटकापलीकडे गेला.

लायनेलची छाती भात्यासारखी हलत होती. तरी त्याने विचारलंच, “असं काय आहे गं त्याच्यात?”

रोझलिंडने कप खाली ठेवला. “तू वर पोचून माझ्यासाठी थांबायचास, आठवतं?”

“दर वेळी थांबलोय. कधी टाकून गेलो तुला?”

“नाही गेलास. थांबायचास, दम खायचास. आणि मी दिसले रे दिसले की म्हणायचास, आलीस? चल, निघू या.” तिच्या आवाजात राग नव्हता. “इतक्या वर्षांत मी एकाही चढावर टेकले नाही, लायनेल. डंकन मी बसले की बसतो आणि मी उठले की उठतो. एवढंच आहे त्याच्यात.”

लायनेलने सायकल फाटकाला टेकवली.

पलीकडून डंकनची हाक आली. सगळे जमलेत, निघायचं का?

रोझलिंडचा थकवा केव्हाच गेला होता. तरी ती उठली नाही.

“तुम्ही व्हा पुढे,” तिने सांगितलं. “माझा नवरा आत्ता कुठे पोचलाय.”