काय वाटतं सर

पाथरीच्या कॉलेजात मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवतो. मुलांनी स्वतः शोधावं म्हणून मी कधी सरळ उत्तर देत नसे, उलट विचारायचो, "तुला काय वाटतं?" पोरांनी माझं नावच 'काय वाटतं सर' ठेवलं होतं.

बायको गेल्यावर महिन्यानं परत रुजू झालो. पहिल्याच प्रॅक्टिकलला ॲसिडमध्ये थेंब थेंब अल्कली सोडत रेणुका म्हणाली, "सर, गुलाबी रंग यायलाय. थांबू का?"

"थांब! लगेच थांब!" मी ओरडलो. अख्खी लॅब वळून बघायला लागली.

"सर, आज तुमी डायरेक्ट उत्तर दिलं!" रेणुका हसली.

 

योगिनी गेली त्या सकाळी तिनं छाती चोळत विचारलं होतं, "अहो, ॲसिडिटीच असेल ना?" आणि मी सवयीनं म्हणालो होतो, "तुला काय वाटतं?"