गिरणीवरची शेवटची हरकत

"आज कशावर हरकत?" नेल्दाबाईंनी नगरपालिकेचं दार उघडता उघडता विचारलं. किल्ली त्यांच्याच हातात होती.

"आधी बसू तर द्या," अनिबाल म्हणाला.

सभागृहात खुर्च्या भिंतीला एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. दोनच मांडल्या होत्या. बाईंनी थर्मास काढला, तुंब्यात येर्बाची वाळकी, चहासारखी पानं भरली, वर गरम पाणी ओतलं, नळीने पहिला कडू घोट स्वतः घेतला आणि तुंबा पुन्हा भरून त्याच्याकडे दिला.

गावातली लोकरीची गिरणी बंद पडून कैक वर्षं झाली होती. आता ती पाडून एका कंपनीला तिथे डेटा सेंटर उभारायचं होतं. नियम असा, की शेवटची हरकत ऐकून झाल्याशिवाय मंजुरी नाही. सुरुवातीला हेच सभागृह माणसांनी फुलून जायचं. आमच्या पाण्याचं काय, म्हणून बायका भांडल्या होत्या. मग कंपनीने नोकऱ्या कबूल केल्या, विहीर कबूल केली आणि एकेक जण गप्प बसला. उरला एकटा अनिबाल.

खरं सांगायचं तर गिरणीशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. तिथल्या रंगखात्यात तरुणपणी हात निळे करून घेतले होते, तेवढंच. ती उद्या पाडली असती तरी त्याने मान वळवून पाहिलं नसतं. त्याचा जीव अडकला होता नेल्दात. तेव्हा ती गिरणीच्या कचेरीत होती, खिडकीतून हसून पगाराचं पाकीट द्यायची. याने तोंड उघडायचं मनात आणेपर्यंत तिने मुकादमाशी लग्न केलं. हा ओढ्यापलीकडे भावाच्या कुरणावर मेंढ्या राखायला निघून गेला. आता मुकादम वारला होता, सुनावण्या नेल्दाबाई घेत होत्या, आणि त्यांच्यासमोर बसायला हरकतीखेरीज दुसरं निमित्त या बावळटाला सुचलं नव्हतं.

म्हणून दर गुरुवारी दुपारी, गाव जेवून झोपलेलं असताना, तो बसने यायचा. वेळ बाईंनीच ठरवून दिली होती. पाणी झालं, आवाज झाला, धुराडं झालं, धुराड्यावरची घरटीही झाली. पूर्वी समितीची माणसं असायची. हल्ली बाई म्हणायच्या, "त्यांना कामं आहेत, मीच ऐकते." पूर्वी त्या सगळं टाइप करायच्या. आता कॉम्प्युटरवर कापड असायचं आणि त्या नुसत्या ऐकायच्या.

"बोला ना," त्या म्हणाल्या. "मेंढ्यांनी जीभ खाल्ली का?"

"आज काही नाही. संपलं."

बाई पुढे झुकल्या. "संपलं म्हणजे? छपराखालच्या वटवाघळांचं काय? त्यांचं तुम्ही काहीच विचारलं नाहीत."

"वटवाघळं जातील कुठेतरी."

"आणि जुन्या रंगाच्या हौदांचं? त्यातलं विष जमिनीत मुरलं तर? तुम्ही रंगखात्यातले, तुम्हाला कळायला हवं."

किती इमानाने काम करते, अनिबालला वाटलं. याच गोष्टीची त्याला लाज वाटत होती. आपण खोट्या हरकती आणायच्या, हिने खऱ्या मानून ऐकायच्या, आणि तिकडे गावातली पोरं नोकरीची वाट बघत बसायची. ओढ होती म्हणून काय झालं, असं वागू नये माणसाने.

"मी हरकत मागे घेतो, नेल्दाबाई. तसं लिहून टाका."

त्यांनी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं नाही. तुंबा पुन्हा भरला आणि पुढे केला. इतक्या गुरुवारांत त्याने एक ठरावीक शब्द मात्र कधीच उच्चारला नव्हता. तुंबा परत देताना तो शब्द म्हटला की आता पुरे, पुन्हा भरू नका, हे त्या मुलखातलं शेंबडं पोरही जाणतं. तळाशी नळी वाजेपर्यंत तो पीत राहिला. पुढच्या गुरुवारी आपण काय करायचं, ते त्याला कळेना.

"धन्यवाद," तो म्हणाला.

बाईंनी तुंबा घेतला आणि दोन्ही हातांत धरून बसल्या. "बस चुकेल तुमची," एवढंच म्हणाल्या.

बसथांबा गिरणीच्या फाटकासमोरच होता. तिथे कंपनीची भलीमोठी पाटी उभी होती. तोंड नदीकडे आणि पाठ रस्त्याकडे. येताना बसमधून ती दिसली की त्याला दर वेळी हसू यायचं. नदीवर वाचायला कोण, बदकं? असल्या लोकांना मंजुरी मिळायची तरी कशी?

फाटकातून कंपनीचा इंजिनिअर सोसा बाहेर आला. अनिबालने टोपी काढली.

"तुमचा रस्ता मोकळा केला, साहेब. आत्ताच हरकत मागे घेऊन आलो."

"कसली हरकत?" सोसा म्हणाला. "शेवटची हरकत कधीच निकालात निघाली, मंजुरी ईस्टरच्या आधीच मिळाली, महिने झाले त्याला. बंदरावरून मशिनं आली की काम सुरू. पाटीवर लिहिलंय की सगळं."

"पाटी नदीकडे आहे."

"हो, ती रस्त्याकडेच लावणार होतो आम्ही. पण नगरपालिकेतल्या नेल्दाबाई स्वतः आल्या, अगदी गळ घातली. म्हणाल्या, कुठेही लावा, पण ओढ्यापलीकडून येणाऱ्या बसमधून वाचता येता कामा नये."