सतराव्या कुंडीतला दाणा

सर काचघरात शिरले ते नोंदवही छातीशी धरून. बाईंनी झारी खाली ठेवली. वही जागेवरून हलली म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं त्यांना कळत होतं. काय ते कळेना.

"तपासणीचा निकाल आला," सर म्हणाले. "त्या रोपात जनुक आहे."

ही चांगली बातमी असावी असं वाटून बाई हसल्या. सर हसले नाहीत, तेव्हा त्यांनी हसू अर्ध्यावरच आवरतं घेतलं.

सरांनी सहा वर्षं खपून गव्हात एका रानगवताचं जनुक घातलं होतं, तांबेरा रोगाला दाद न देणारं. त्या बियाण्याच्या वीस कुंड्या, कुंडीत पाच रोपं. गहू सरांचा, तांबेरा बाईंचा. एकोणीस वर्षं त्या तो साध्या गव्हावर जिवंत ठेवत आल्या होत्या, या रोपावरची पूड त्या रोपावर; नाहीतर नव्या गव्हाची परीक्षा घ्यायची कशाने? लोक मांजर पाळतात, आमच्या जाऊबाई रोग पाळतात, असं त्यांची धाकटी जाऊ चारचौघांत सांगायची. या खेपेला तांबेऱ्याची पूड फवारल्यानंतर साध्या गव्हाच्या कुंड्या दोन आठवड्यांत तांबड्यालाल झाल्या. सरांच्या शंभर रोपांपैकी नव्याण्णव हिरवीगार राहिली. सतराव्या कुंडीतल्या एकावर मात्र नारिंगी फोड उठले.

पाच दिवसांपूर्वी सर त्या रोपापुढे, घरातलं कुणी गेल्यासारखे बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, पेरताना साध्या गव्हाच्या पाकिटातला एखादा दाणा तर पडला नाही ना इकडे? बाई आधी साफ नाही म्हणाल्या. दुपारी त्यांना आठवलं, एक दाणा टेबलावर घरंगळला होता खरा. चारच्या चहापर्यंत तो उचलल्याचं आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सतराव्या कुंडीत टाकणारी स्वतःची बोटंसुद्धा दिसायला लागली. त्यांनी तसं वहीत लिहून दिलं, खाली सही केली. सरांचा चेहरा असा काही उजळला, की बाईंना आपल्या चुकीचं कौतुकच वाटलं. सरांनी ते रोप हिशेबातून वगळलं, नव्याण्णवपैकी नव्याण्णव असा अहवाल वर धाडला, शेतातल्या पेरणीची परवानगी मागितली. आणि त्या रोपाच्या पानाचा एक तुकडा, केवळ नियम म्हणून, तपासायला दिला.

"म्हणजे साधा दाणा पडलाच नव्हता," सर म्हणाले. "तुम्ही लिहून दिलंत, ते का?"

बाई म्हणाल्या, पडला होता, मला दिसला. मग म्हणाल्या, दिसल्यासारखं वाटलं. मग त्यांना काहीच नीट सांगता येईना. आपण खोटं बोललो म्हणावं तर तेही खरं नव्हतं. दाणा अजून डोळ्यांसमोर होता, चांगला टपोरा.

सरांनी वही उलगडून ते पान त्यांच्यापुढे धरलं. आवाज न चढवता ते म्हणाले, तुमच्या नोंदींवर तीन वाणांचा निकाल लागलाय. कुठलं रोप किती आजारी, हे तुमच्या डोळ्यांनी ठरवलंय आणि आजवर कुणी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही. "आता त्या सगळ्या नोंदींचं मी काय समजायचं?"

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एकोणीस वर्षांत त्यांच्या नावावर चूक अशी एकच लागली होती, आणि तीही झालेली नव्हती.

"बाकीच्या वेळी तुमच्या तोंडाकडे बघून लिहायची पाळी आली नव्हती," त्या म्हणाल्या.

बाईंना वाटलं, आपण फार बोललो. लगेच वाटलं, थोडं कमीच पडलं. विचारताना उत्तर आपल्या हातात कुणी ठेवलं होतं? पण तेही त्यांना धड ठरवता येईना. सर वही मिटत होते, उघडत होते. अहवाल परत मागवावा लागेल, असं ते स्वतःशीच म्हणाले. परवानगी या हंगामात तरी गेली, हे बोलले नाहीत.

"सर, पण मग त्या रोपाला झालंय काय?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न पाच दिवसांत दोघांपैकी कुणालाच पडला नव्हता.

कुंडी कोपऱ्यात प्लास्टिकच्या टोपीखाली वेगळी ठेवलेली होती. दोघं तिच्यापाशी वाकले. फोड पाच दिवसांत वाढले होते. एकतर जनुक झोपलंय, सर म्हणाले, नाहीतर तुमचा तांबेरा त्याला चकवायला शिकलाय. बाईंनी विचारलं, यातलं बरं कुठलं? सरांनी टोपी उचलली आणि एवढी वर्षं इतरांना हात लावू नका म्हणून बजावणाऱ्या माणसाने स्वतःच पानावरून बोट फिरवलं.

बोट नारिंगी झालं. सरांनी आजूबाजूला पाहिलं. मागे हिरव्यागार एकोणीस कुंड्या, अंगात पांढरा कोट, काखेत वही. वर्गात परवानगी मागावी तसं ते बोट वर धरून उभे राहिले. मग दुसऱ्या हाताने खिशातला रुमाल ओढू लागले.

"पुसू नका," बाई म्हणाल्या. त्यांनी काचेची एक नळी आणून त्या बोटाखाली धरली, आणि ब्रशने पूड अलगद आत झाडू लागल्या. "हा आता जगवायला हवा."