दिवेवाल्याचं तोंड

“हं, आता थुंका,” सासरा म्हणाला आणि स्वतः आधी थुंकला. मग पर्यटकांची आख्खी तुकडी मनापासून थुंकली.

भिंतीतलं दगडी तोंड थुंकीने न्हाऊन निघालं. डोळ्यांच्या खाचा भरल्या. हनुवटीवरून एक तार लोंबत राहिली, तिचा कोणीतरी फोटो काढला. एका आजीने नातवाला उचलून धरलं, कारण बिचाऱ्याची थुंकी पोचत नव्हती. दारात उभ्या असलेल्या सुनेने तोंड फिरवलं. सासऱ्याचा घसा दिवसेंदिवस बसत चालला होता आणि आज ना उद्या पर्यटकांना गोष्ट सांगायचं हे काम तिच्याच गळ्यात पडणार होतं.

शहर छोटं. पाहण्यासारखं काय, तर घड्याळाचा मनोरा, जुनं ग्रंथालय आणि हे तोंड. मनोऱ्यापाशी लोक जांभया देत. ग्रंथालयात शिरल्या शिरल्या स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारत. तोंडापाशी आले की मात्र म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही हुरूप चढायचा. गोष्ट सोपी होती. शत्रूने शहराला वेढा घातला होता. तट पडत नव्हता. मग एका रात्री वेशीचा दरवाजा आतून उघडला गेला आणि शहराची राखरांगोळी झाली. दरवाजा उघडला तो रस्त्यावरचे दिवे लावणाऱ्या माणसाने, असं ठरलं. त्याला भर चौकात ठेचून मारलं, त्याचं तोंड दगडात कोरलं आणि वेशीला लागून असलेल्या या घराच्या भिंतीत बसवलं. तेव्हापासून लोक थुंकतायत. एवढ्या पिढ्यांत शहराने दुसरं काही इतक्या निष्ठेने केलेलं नाही.

संध्याकाळी ते तोंड धुवायचं काम सुनेचं. लांब दांड्याचा ब्रश घ्यायची, श्वास रोखायची, तरी जेवताना तो वास नाकात असायचाच. तेही तिने सोसलं असतं. पण गेल्या आठवड्यात तिची लेक शाळेतून हसत हसत घरी आली. वर्गात दिवेवाल्याच्या वंशातली एक मुलगी होती. ही तिच्या तोंडावर थुंकली होती.

“सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आई! आधी मी थुंकले. आजोबांसारखी.”

आईने तिच्या एक थोबाडीत दिली. मग चप्पल घालून तडक, पर्यटक कधी फिरकतही नसत त्या संग्रहालयाच्या बाईंकडे गेली.

त्या बाई आज आल्या होत्या. तुकडी पांगल्यावर नाकाला रुमाल लावून त्यांनी भिंत पाहिली आणि दोन पावलं मागे सरल्या. तोंड काढून संग्रहालयात न्यायला त्या तयार होत्या. काचेआड राहील, थुंकणं कायमचं बंद. फक्त मालकाचा होकार हवा होता. घर सुनेच्या नावावर होतं. मुलगा वारला तेव्हा सासऱ्याने आपणहून ते करून दिलं होतं. माणूस तसा देवासारखा.

“आणि नुसतं मांडून ठेवणार नाही हं,” बाई म्हणाल्या. “त्या रात्री नेमकं काय झालं, तेही खणून काढू. जे खरं असेल ते लोकांना कळू दे.”

सून हो म्हणणार, तेवढ्यात सासऱ्याने तिला आत बोलावलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

“नाही म्हणून सांग त्यांना.”

“बाबा, मला शिसारी आलीये या सगळ्याची. आपली पोर काय शिकतेय, बघितलंत ना? आणि खणू देत की त्यांना. कर नाही त्याला डर कशाला?”

सासरा ओट्याला टेकून उभा राहिला. 

“दिवेवाल्याकडे शिडी होती, सूनबाई. किल्ली नव्हती,” तो म्हणाला. “वेशीची किल्ली आपल्या घरात असायची.”

नळ ठिबकत होता. सुनेने तो घट्ट बंद केला. हे तोंड नेमकं याच भिंतीत का, सगळ्यांच्या आधी या घरचा माणूसच का थुंकतो, हे आता तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिला सासऱ्याची किळस आली. त्याच्या बापाची आली, बापाच्या बापाची आली. हाच माणूस रोज हे पोटात ठेवून तिच्या हातचं निवांत जेवून उठत होता, याची तर सगळ्यात जास्त आली. बाहेर जाऊन सगळं ओकून टाकावं, बाईंच्या पुढ्यात, शहराच्या पुढ्यात.

खिडकीतून लेक येताना दिसली. दप्तर झुलवत, वाटेतल्या दोघी मैत्रिणींना हात करत. आईच्या मनात वर्गातली ती दुसरी मुलगी आली. बाकाशी उभी, बाहीने गाल पुसणारी. आठवडाभर त्या मुलीसाठी तिचा जीव तुटत होता. आता मात्र त्या बाकाशी तिला आपलीच लेक दिसली, आणि तिच्याभोवती टाळ्या वाजवणारा आख्खा वर्ग.

ती बाहेर आली.

“माफ करा बाई, तोंड इथेच राहू द्या. लोकांच्या भावनेचा प्रश्न आहे.”

“अहो, पण तुम्हीच तर मला बोलावलंत!”

“चुकलंच माझं.”

बाई रुमालाची घडी करत निघून गेल्या. कोपऱ्यावरून पुढची तुकडी येताना दिसली. सासऱ्याचा आवाज पार गेला होता, तो दारातच बसून राहिला. सून भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. सगळ्यांना जवळ बोलावलं, लहान मुलांना पुढे घेतलं आणि दिवेवाल्याची गोष्ट कुठेही न अडखळता सांगितली.

मग, घरची रीत म्हणून, सगळ्यांच्या आधी थुंकली.