बाईंच्या जागेवरून

"बाई, कापड निळं आहे," वकिलीण म्हणाली.

तिसरीतल्या या मुलीला हे नाव चित्रकलेच्या बाईंनीच दिलं होतं आणि ती ते इमानेइतबारे चालवत होती. टेबलावर किटली, दोन कांदे, एक वांगं आणि खाली कापड असं वस्तुचित्र मांडलेलं. नेहमीचं पांढरं कापड धुवायला गेलं म्हणून शिपाईमावशींनी कपाटात हाताला लागलं ते काढून दिलं होतं. बाई फळ्याला टाचलेल्या कागदावर ते रंगवून दाखवत होत्या. तपकिरी.

"तपकिरी आहे गं ते," बाई म्हणाल्या. "ओल्या मातीसारखं."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"हसायचं नाही," वकिलीणच म्हणाली. "आधी जागेवर जाऊन बघायचं."

हा बाईंचाच नियम. दुसऱ्याचं चित्र चुकलं म्हणण्याआधी त्याच्या जागेवर जाऊन बसायचं. गेल्याच आठवड्यात एकाने बिनतोटीची किटली काढली म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडले होते. मग एकेक जण त्याच्या बाकावर बसून आला आणि गप्प झाला. तिथून तोटी दिसतच नव्हती. 'माहीत आहे ते नका काढू, दिसतंय ते काढा', हे आता पोरं पाढ्यासारखं म्हणायची.

वकिलीण उठून पुढे आली. बाईंची उंची गाठायला स्टुलावर चढली, एक डोळा मिटला आणि माप घेतात तशी पेन्सिल पुढे धरली. रंगाला माप नसतं, पण ऐट सोडायची नव्हती.

वर्ग वाट बघत होता. बाईही.

दोन महिने त्यांची स्वतःशीच सारवासारव चालली होती. खोलीतला दिवाच मंद आहे. हल्ली रंगच भेसळीचे येतात. चष्मा पुसून पुसून काचा झिजायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. मुख्याध्यापिकांच्या कानावर गेलं तर हा तास जाईल. आणि हा तास गेला तर आपण कोण, हे त्यांनी घरातसुद्धा कोणाला विचारलं नव्हतं.

"इथूनही निळंच आहे," वकिलीण म्हणाली. अगदी हळू, बाईंपुरतं. इतकं हळू ती वर्षभरात पहिल्यांदाच बोलली असेल. या पोरीचे उपकार कुठे फेडू, असं बाईंना झालं.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "म्हणजे माझं चुकलं."

वकिलिणीने स्टुलावरून उतरता उतरता विचार केला. "नाही. तुम्हाला दिसलं तेच तुम्ही काढलंत. चित्र बरोबर आहे. डोळे दाखवून या."

"माझ्या आजोबांना पण असंच व्हायचं," पुढचे दोन दात पडलेला एक जण म्हणाला. "मोतीबिंदू. ऑपरेशन करून घरी आले आणि आजीला म्हणाले, ही नवी शाल कधी घेतलीस? आजी म्हणाली, दहा वर्षं पांघरतेय, आज दिसली होय. मग दोन दिवस बोललीच नाही."

बाई हसल्या आणि हसता हसता स्टुलावर बसल्या. दोन महिने जे कोणापुढे काढता आलं नव्हतं, ते चाळीस पोरांपुढे कांद्या-वांग्याच्या शेजारी टेबलावर येऊन पडलं होतं. आणि काही कोसळलं नव्हतं.

"दुखतं का रे?"

"आजोबा म्हणाले, नाही. पण ते खोटं पण बोलतात."

"बरं. सोमवारी जाते. मुख्याध्यापिकांना माझं मी सांगते, तुम्ही कोणी बोलू नका."

सगळ्यांनी गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर होणार. होऊ दे, बाई मनात म्हणाल्या.

"आता हे कापड कसं करायचं ते तुम्ही सांगा."

"शाईसारखं!"

"हॅट, शाईसारखं काय. आमच्या गाडीच्या सीटसारखं."

बाईंनी लेबल वाचून निळ्याची बाटली उघडली आणि तपकिरीवर जाड ब्रश फिरवायला सुरुवात केली.

"काळा घाला थोडा."

"एवढा नको हो, बाई."

"पाणी, पाणी."

"चुरगळलंय तिथे पांढरा."

कागदावर काय होतंय ते बाईंना कळत नव्हतं. त्यांच्यापुढे मातीवर मातीच चढत होती. त्या पोरांच्या आवाजावर हात चालवत राहिल्या. थोडं इकडे, अजून, अजून थोडं.

आणि अख्खा वर्ग एकदम गप्प झाला, तेव्हा त्यांना समजलं की निळा जमला.