बेडकाचं गाणं

मोबाइल टिंगकन वाजला. पुराचा गाळ उपसून थकलेल्या घरात तेवढाच आवाज. बघते तर व्हिडिओत माझी ईश्वरी! आम्ही सायखेड्याच्या शाळेत आसऱ्याला होतो, तेव्हा नाशिकहून मदत घेऊन आलेल्या पोरांनी काढलेला. त्या दिवशी ती बाकावर उभी राहून बेडकाचं गाणं म्हणत होती. तिच्या उड्या बघून रडणारी लेकरंसुद्धा हसायला लागली होती. व्हिडिओत मात्र तिचा आवाजच नव्हता. नुसतं तोंड हलत होतं, तेही मुद्दाम संथ केलेलं, आणि वर रडकी बासरी. खाली मदतीसाठी नंबर होता. त्यावरच फोन लावला.

"दादा, व्हिडिओतून माझ्या पोरीचं गाणं का काढून टाकलं?"

"ताई, समजून घ्या ना. हसरं पोर बघून कोण मदत देतं?"

"मग स्वतःच्या बहिणीला बसवा ना रडायला!" मी फोन आपटला.

ईश्वरी माझ्या मांडीवरच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्या गालाला हात लावून तिनं हळूच विचारलं, "आई, परत पाणी आलं की मी रडायचं का?"