आगीचा फोन

१९५७ सालची गोष्ट. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावची आग विझवणारी कंपनी म्हणजे हातातलं काम टाकून फुकट धावणारे तीस पुरुष. आगीचा फोन मात्र त्यांचा प्रमुख क्लेटन याच्या स्वयंपाकघरात होता आणि तो सांभाळायची त्याची बायको वर्ना. आगीची खबर आली की ती गावच्या भोंग्याचं बटण दाबायची. मग भोंगा ऐकून एकेक जण तिला फोन करून पत्ता विचारायचा.

त्या दुपारी शेजारीण फोनवर ओरडली, "वर्ना, तुझंच छप्पर पेटलंय, बाहेर पळ!"

वर्नाने बटण दाबलं, नाकाला ओला रुमाल लावला आणि तिथेच उभी राहिली. प्रत्येकाला एकाच आवाजात सांगत राहिली, "सात, मिल स्ट्रीट."

क्लेटनचाही फोन आला. "कुठे गं?"

"सात, मिल स्ट्रीट."

"अगं, ते तर आपलं घर!"

"आठवलं म्हणायचं! आता ठेव फोन, बाकीच्यांना लागायचाय."

वरचा मजला गेला, स्वयंपाकघर वाचलं. क्लेटन एकोणसत्तर साली वारला, तरी आगीचा फोन वर्नाच्याच स्वयंपाकघरात राहिला. बायकांना सभासद करून घ्यायचा ठराव व्हायला एकोणऐंशी उजाडलं. पहिला बिल्ला घेऊन नवा प्रमुख वर्नाकडे आला. त्याचं भाषण जरा रंगात आलं, तोच ती उठली.

"थांब रे, फोन वाजतोय."